आपण कोणत्या पंथाचे ख्रिस्ती, हे उघड सांगावे का?

ऑलिव्हची फांदी

अनोळखी ख्रिस्ती माणसांशी ऑनलाइन बोलताना आपल्यातले बरेच जण पंथ सांगायचे टाळतात. कोणी विचारलेच तर "मी फक्त ख्रिस्ती" एवढे उत्तर देतात. त्यामागे नम्रता असते, भांडण नको ही भावना असते, हे मला कळते. तरीही काही ठिकाणी पंथ न सांगणे हा ऐकणाऱ्यावर अन्याय आहे, असे माझे मत झाले आहे. त्यावर नीट बोलता यावे म्हणून हा धागा.

आधी माझे सांगते. मी मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाची. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, कळत्या वयात दृढीकरण झाले, आजही त्याच मंडळीत आहे.

हा विषय डोक्यात घोळू लागला तो एका प्रार्थनागटातल्या प्रसंगामुळे. एका ताईंनी लिहिले होते की वडिलांना जाऊन वर्ष होत आले, त्यांच्या आत्म्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करावी. खाली एका भाऊंचे उत्तर आले: मृतांसाठी प्रार्थना करा असे पवित्र शास्त्रात कुठेही नाही, त्यांचा निवाडा देवाच्या हाती गेला, तुम्ही आता स्वतःच्या तारणाचे बघा. ताईंनी त्यावर काहीच लिहिले नाही.

त्या कॅथलिक आहेत. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत. त्यातल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी प्रार्थना आणि अर्पण करवतो तो प्रसंग आहे. भाऊंच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये पुस्तके ६६, त्यात मक्काबी नाहीतच. म्हणजे "शास्त्रात कुठेही नाही" हे त्यांच्या हातातल्या ग्रंथापुरते खरे होते, ताईंच्या हातातल्या ग्रंथाबद्दल खोटे होते. "आमच्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, पण तुमच्यासाठी आणि घरच्यांसाठी मी आज करतो," असे ते म्हणाले असते तर स्वतःच्या मताला जराही मुरड न घालता एका दुःखी माणसाला आधार देता आला असता.

यावरून मला जे वाटते ते असे. जो शिकवतो, सल्ला देतो, दुसऱ्याची चूक दाखवतो, त्याने आपण कोणत्या परंपरेतून बोलतो आहोत हे सांगितलेच पाहिजे. आणि जो दुःख सांगतो, प्रार्थना मागतो, शंका विचारतो, त्याला पंथ विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

एक साधे उदाहरण देते. कोणी म्हणाले, "माझ्याकडून सहावी आज्ञा मोडली गेली." कॅथलिक आणि लूथरन यांच्या क्रमात सहावी आज्ञा व्यभिचाराची आहे. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि बहुतेक प्रोटेस्टंट यांच्या क्रमात ती खुनाची आहे. कारण कॅथलिक आणि लूथरन मूर्तीविषयीची आज्ञा पहिल्या आज्ञेत धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात. दहा आज्ञांच्या अनुक्रमातसुद्धा जर एवढा फरक पडतो, तर बाप्तिस्मा, विवाह, प्रभुभोजन यांवर बोलताना किती पडत असेल?

तुमची मते वाचायला आवडतील. विरोधी असतील तर जास्तच.

मोहरी

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी पूर्णपणे असहमत आहे.

करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पहिलाच अध्याय उघडा. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसाचा, कोणी म्हणे मी केफाचा. पौल त्यांना काय विचारतो? ख्रिस्ताचे तुकडे झालेत का? पौल तुमच्यासाठी वधस्तंभावर गेला का? आज आपण पौलाच्या जागी वेस्ली, लूथर, कॅल्विन ही पंथप्रवर्तकांची नावे घालतो आणि म्हणतो की हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. ज्या गोष्टीसाठी त्या मंडळीला खडसावले गेले, तीच आपण शिष्टाचार म्हणून शिकवायची का?

आमची मंडळी स्वतंत्र आहे. कोणत्याही पंथाशी जोडलेली नाही. मी "फक्त ख्रिस्ती" म्हणतो तेव्हा काही लपवत नसतो. मला खरोखरच दुसरे नाव नाही, आणि नको आहे. अंत्युखियात शिष्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती म्हणू लागले, ते नाव मला पुरते.

योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभूने पित्याजवळ मागितले की हे सर्व एक व्हावेत. ती प्रार्थना मी रोज माझी म्हणून करतो. मग सकाळी ती प्रार्थना करायची आणि दुपारी नावापुढे पंथाची पाटी लावायची, हे मला जमत नाही.

पायवाट

मोहरी यांच्या भावनेचा आदर आहे, पण ऑलिव्हताईंशी सहमत. "मी बाप्तिस्मा पुन्हा घेऊ का?" हा प्रश्न मी कितीदा तरी वाचला आहे. खाली उत्तरे येतात: "हो, लगेच घ्या", "मुळीच नको, तो अपराध होईल". विचारणारा बिचारा दोन्ही वाचून जास्तच गोंधळतो. उत्तर देणाऱ्या एकानेही सांगितलेले नसते की आमच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, ग्राह्य धरतात की नाही. ते एक वाक्य आले असते तर दोन्ही उत्तरे त्याला समजली असती.

मी कॅथलिक आहे. आमच्या शिकवणीनुसार स्नानसंस्कार आयुष्यात एकदाच, आणि पाण्याने व पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असेल तर तो बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमधलाही आम्ही मान्य करतो. बाप्टिस्ट भाऊ पुन्हा घे म्हणतात तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो "पुन्हा" नसतोच, तो पहिलाच असतो. हे समजले की राग येत नाही.

जुना करार

मोहरी, तुम्ही दिलेल्या वचनात चौथा गटही आहे. "मी ख्रिस्ताचा" म्हणणारे. पौल त्यांनाही त्याच यादीत घालतो. या वाक्याचे अर्थ वेगवेगळे लावले गेले आहेत हे मला ठाऊक आहे, पण मला ते नेहमी टोचत आले आहे. ख्रिस्ताचे नावसुद्धा गटाची खूण म्हणून वापरता येते, असे त्यातून दिसते.

थोडा इतिहास सांगतो, कारण या प्रश्नाशी आपल्या आधी पुष्कळ लोक झगडले आहेत. (मी लूथरन आहे.)

बहुतेक पंथांची नावे त्या लोकांनी स्वतः घेतलेली नाहीत. १७३० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्याभोवती जमलेले विद्यार्थी ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेल्या दिवशी उपास, तुरुंगातल्या कैद्यांना भेटी असे नेमाने करत. बाकीचे विद्यार्थी त्यांना हिणवून मेथडिस्ट म्हणू लागले. जॉन वेस्ली तर १७९१ मध्ये मरेपर्यंत चर्च ऑफ इंग्लंडचाच पाळक राहिला. क्वेकर हे नावही टवाळीतून आले, ते स्वतःला मित्र म्हणवतात. १५२९ मध्ये स्पायर येथील सभेत काही राजांनी आणि नगरांनी लेखी निषेध नोंदवला, त्यावरून प्रोटेस्टंट हे नाव पडले. आणि अंत्युखियातले "ख्रिस्ती" हे नावसुद्धा बाहेरच्यांनीच दिले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात.

माझ्या पंथाचे तर विशेषच आहे. १५२२ मध्ये लूथरने कळकळीने लिहिले की माझे नाव लावू नका, लूथरन म्हणवू नका, ख्रिस्ती म्हणा; ही शिकवण माझी नाही आणि मी कोणासाठी वधस्तंभावर गेलेलो नाही. इथपर्यंत मोहरींचेच म्हणणे. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका पुस्तिकेत त्याने एक पुस्ती जोडली. छळाच्या भीतीने "माझा लूथरशी संबंध नाही" असे म्हणू नका, ती शिकवण सुवार्तेची आहे असे तुम्हाला वाटत असेल तर माणसाबरोबर तुम्ही शिकवणही टाकून द्याल. मला या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्याशा वाटतात. नावाचा अभिमान नको, आणि किंमत मोजायची वेळ आली की नाव टाकणेही नको.

आता "नावच नको" म्हणणाऱ्यांचे काय झाले ते बघा. १८०४ मध्ये अमेरिकेत केंटकीत बार्टन स्टोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःची प्रेस्बिटरी (मंडळ्यांचा कारभार पाहणारे मंडळ) विसर्जित केली. तिचे मृत्युपत्र लिहिले आणि जाहीर केले की आम्हाला सर्वसमावेशक ख्रिस्तशरीरात विरघळून जायचे आहे, यापुढे आम्ही फक्त ख्रिस्ती. १८३२ मध्ये हे लोक अलेक्झांडर कॅम्पबेल यांच्या अनुयायांशी एकत्र आले. इतकी निर्मळ इच्छा क्वचितच दिसते. तरी आज त्या चळवळीतून आलेले तीन वेगळे गट आहेत. उपासनेत वाद्ये वाजवावीत की नाहीत, मिशनरी संस्था असाव्यात की नाहीत यावरून ते दुरावले, आणि १९०६ च्या अमेरिकी धार्मिक गणनेत त्यांतल्या दोघांची नोंद पहिल्यांदा वेगवेगळी झाली. प्लिमथ ब्रदरन यांचेही तसेच. आम्ही कोणत्याही पंथाचे नाही, फक्त बंधू, म्हणून सुरुवात केली आणि १८४८ मध्ये त्यांच्यात खुले आणि बंदिस्त अशी फूट पडली.

यात त्यांची थट्टा करण्यासारखे काही नाही. माणसे एकत्र उपासना करू लागली की काही निर्णय घ्यावेच लागतात. कोणाचा बाप्तिस्मा करायचा, भाकर कोणाला द्यायची, वचन कोणी सांगायचे. ते निर्णय म्हणजेच पंथ. नाव घेतले नाही म्हणून निर्णय नाहीसे होत नाहीत.

मोहरी

जुना करार, उत्तर मनापासून वाचले. स्टोनबद्दल ठाऊक नव्हते.

तुमचा शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणे तपासून पाहतो. आमच्या मंडळीत विश्वासाची कबुली दिलेल्यांनाच आणि पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा देतात. भाकर मोडणे दर रविवारी असते. अन्य भाषा बोलण्याचे दान आजही मिळते असे आम्ही मानतो. वडीलजन पुरुषच असतात. म्हणजे निर्णय आहेत, हे खरे. एखादा कॅथलिक किंवा मेथडिस्ट बंधू आला तर त्याचा लहानपणीचा बाप्तिस्मा आम्ही धरणार नाही, हेही खरे.

पण म्हणून मी "बाप्टिस्ट" किंवा "पेंटेकोस्टल" लिहायचे का? ती नावे लावली की लोक मला त्या नावाखाली जे जे ऐकले आहे ते सगळे चिकटवतात. विश्वास ठेवला की पैसा मिळतो अशी समृद्धीची शिकवण देणाऱ्यांशी माझा काडीचा संबंध नाही. नाव एक, ओझे भलतेच.

ऑलिव्हची फांदी

मोहरी, तुम्ही आत्ता जे चार ओळींत लिहिलेत, तेच मला हवे होते. नाव लावलेच पाहिजे असा माझा हट्ट नाही. "आमच्या मंडळीत विश्वासाची कबुली दिल्यावर, बुडवून बाप्तिस्मा देतात" हे वाक्य कोणत्याही नावापेक्षा स्पष्ट आहे. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर उत्तर देताना तुम्ही ते आधी लिहिलेत की वाचणाऱ्याला सगळे कळले.

"फक्त ख्रिस्ती" या उत्तराने माझी अडचण होते ती अशी की त्यामुळे नकळत आपली रीत हीच मूळ रीत ठरते आणि बाकीच्यांची "पंथाची" ठरते. तुमच्या मनात तसे नसेल. पण समोरच्या कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स माणसाला ते तसेच ऐकू येते, की मी ख्रिस्ती आणि तुम्ही ख्रिस्ती अधिक काहीतरी.

एकांत

मी फार लिहिणार नाही. घरी माझ्या विश्वासाबद्दल कोणाला माहीत नाही. पंथच काय, ख्रिस्ती हा शब्दही मी कुठे माझ्या नावापुढे लावू शकत नाही. कोणत्या चर्चमध्ये जाते हे कळले तर मला शोधणे सोपे आहे. "प्रामाणिक असाल तर सांगा" असे वाचले की वाटते, मी अप्रामाणिक आहे का?

ऑलिव्हची फांदी

एकांत, नाही. अजिबात नाही. तुम्ही लिहिलेत हेच खूप आहे. धाग्याच्या सुरुवातीला मी म्हटले की विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, ते तुमच्यासारख्यांना पहिल्यांदा लागू आहे. निकदेम येशूकडे रात्री आला. प्रभूने त्याला दिवसा ये म्हटले नाही, त्याच रात्री त्याच्याशी नव्या जन्माबद्दल बोलला. इथे कोणी तुम्हाला कुठल्या चर्चची, कुठल्या पाळकांची असे विचारले तर उत्तर देऊ नका. खासगी निरोपातून विचारले तर मुळीच देऊ नका.

पायवाट

एकांत यांच्या मुद्द्यात आणखी एक भर. खूण स्वतः लावणे आणि दुसऱ्याने लावणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती पिढ्यानपिढ्या मनगटावर छोटा क्रूस गोंदवून घेतात, अगदी लहान मुलांच्याही. ती त्यांनी स्वतः घेतलेली खूण आहे आणि तिची किंमत ते मोजत आले आहेत. उलट २०१४ मध्ये मोसुलमध्ये इसिसने ख्रिस्ती लोकांच्या घरांवर अरबी "नून" हे अक्षर, ख्रिस्ती या अर्थाच्या अरबी शब्दाचे आद्याक्षर, रंगवले आणि ती घरे बळकावली. खाल्डियन कॅथलिक, सिरियाक ऑर्थोडॉक्स, अ‍ॅसिरियन, कोणाचे घर आहे याच्याशी रंगवणाऱ्यांना देणेघेणे नव्हते.

आता मला ऑलिव्हताईंच्या बाजूनेच एक अडचण मांडायची आहे. पंथाचे नाव सांगितले तरी ते वाटते तेवढे सांगत नाही. मी "कॅथलिक" म्हटले की लोक लॅटिन विधी, अविवाहित धर्मगुरू असे चित्र डोळ्यांपुढे आणतात. पण रोमशी संलग्न अशी २३ पौर्वात्य कॅथलिक चर्च आहेत. त्यांचा उपासनाविधी वेगळा, आणि त्यांतल्या अनेकांत विवाहित पुरुषही धर्मगुरू होतात. पोप तेच, श्रद्धा तीच. "अँग्लिकन" म्हटले तर धूप, घंटा आणि पापनिवेदन असलेले चर्चही त्यात येते आणि गिटारवर गाणी म्हणणारी साधी सभाही येते.

जुना करार

खरे आहे. सुरुवातीच्या उदाहरणाचेच घ्या. मृतांसाठी प्रार्थना "प्रोटेस्टंट करत नाहीत" असे सरसकट म्हणता येत नाही. अँग्लिकनांमध्ये ती करणारे आहेत. आणि खुद्द जॉन वेस्लीने विश्वासात निवर्तलेल्यांसाठी प्रार्थना करण्याचे समर्थन केले होते. ऑलिव्हताई, तुमच्याच पंथाचा संस्थापक.

ऑलिव्हची फांदी

हे आमच्या रविवारच्या शाळेत कधी कोणी सांगितले नाही! मूळ लिखाण शोधून वाचते. माझा मुद्दा यामुळे पक्काच होतो असे मला वाटते. "मेथडिस्ट असे मानतात" यापेक्षा "मी ज्या मंडळीत आहे तिथे असे करतात" हे जास्त खरे आहे.

वाचनमात्र

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतो आहे. बाहेरच्याच्या बाजूने एक सांगू का? आम्हाला हे फरक ठाऊक नसतात. कोणी लिहिले की ख्रिस्ती धर्मात कुटुंबनियोजनाची साधने निषिद्ध आहेत, तर आम्ही ते सगळ्यांबद्दल धरतो. दुसऱ्याने लिहिले की ख्रिस्ती लोक रक्त घेत नाहीत, तेही धरतो. मग शेजारचे ख्रिस्ती कुटुंब तसे वागताना दिसत नाही आणि आम्हाला वाटते की हे लोक आपला धर्म पाळत नाहीत. मी स्वतः असा विचार केलेला आहे.

पायवाट

वाचनमात्र, हे लिहिलेत ते फार बरे झाले. पहिली गोष्ट कॅथलिक शिकवणीची आहे. १९६८ मध्ये सहावे पोप पॉल यांच्या परिपत्रकाने ती पुन्हा स्पष्ट केली, आणि त्यातही नैसर्गिक पद्धतीला मुभा आहे. अँग्लिकन बिशपांनी १९३० च्या लँबेथ परिषदेतच मर्यादित परवानगी दिली होती. दुसरी गोष्ट यहोवाच्या साक्षीदारांची. ते त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत, म्हणून बहुतेक चर्च त्यांना आपल्यात धरत नाहीत, पण ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. त्या वादात इथे शिरायला नको. शेजाऱ्यांचे रक्त तुम्हाला कधी लागले तर ते देतील, एवढे नक्की.

घटस्फोटानंतरच्या विवाहाचेही असेच. आम्ही पहिला विवाह अवैध ठरल्याशिवाय दुसरा लावत नाही. ऑर्थोडॉक्स चर्च पश्चात्तापाच्या सुराचा वेगळा विधी करून दुसऱ्या विवाहाला परवानगी देते. कित्येक प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकांच्या विवेकावर सोडतात. आधीच मोडून पडलेली एखादी स्त्री हा प्रश्न विचारते आणि तिला यातले एकच उत्तर "देवाचा नियम" म्हणून मिळते, तेव्हा माझ्या पोटात कालवते.

मोहरी

वाचनमात्र यांचा मुद्दा मला पटला. बाहेरच्यांशी बोलताना मी यापुढे "आमच्या मंडळीत" असे म्हणेन. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा इथेही लागते, मग तिचा क्रमांक कोणाकडे आठवा असो की नववा.

पण माझी मूळ वेदना तशीच आहे आणि ती मला सांगू द्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर एकवीस जणांचे शिर कापले. वीस इजिप्तचे कॉप्ट, एक घानाचा. त्यांना कोणी विचारले नाही की तुम्ही ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीची ४५१ ची खाल्सेदोनची परिषद मानता की नाही. ओठांवर येशूचे नाव होते, तेवढे पुरे झाले. कॉप्टिक चर्च आणि रोम यांच्यात पंधराशे वर्षांचा दुरावा आहे, तरी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या एकवीस जणांना रोमच्या हुतात्म्यांच्या यादीत घेतले. ते कॅथलिक झाले नव्हते. कॉप्टच होते आणि हुतात्मेही होते. हे वाचले तेव्हा मी रडलो होतो. मग वाटते, मरताना जे नाव पुरते ते जगताना का पुरू नये?

जुना करार

मोहरी, तुमच्या या उदाहरणातच मला उत्तर दिसते. पोपनी त्यांना "फक्त ख्रिस्ती" करून घेतले नाही. कॉप्ट म्हणूनच घेतले. नाव पुसले नाही, तरी मान दिला.

एकीचे काम ज्यांनी खरोखर पुढे नेले त्यांनी आधी आपापली नावे टेबलावर ठेवली. ७ डिसेंबर १९६५ ला सहावे पोप पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी १०५४ चे परस्परांवरचे बहिष्कार मागे घेतले, ते रोमन आणि ऑर्थोडॉक्स म्हणूनच. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग येथे लूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या शिकवणीवरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. लूथरच्या काळात युरोप ज्या प्रश्नावर दुभंगला, त्याच प्रश्नावर. २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये कॅल्विनच्या परंपरेतल्या रिफॉर्म्ड चर्चेसनी त्याला मान्यता दिली. त्यात कुठे एकमत आहे तेही लिहिले आहे आणि कुठे फरक उरतो तेही. "आपण सगळे एकच" म्हणून ते कागद तयार झाले नसते.

१९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले तेव्हा अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन (वरच्या प्लिमथ ब्रदरनहून वेगळे) असे सहा चर्चसमूह एकत्र आले. बालकांचा बाप्तिस्मा करणारे आणि न करणारे एकाच चर्चमध्ये कसे राहणार, हा प्रश्न त्यांनी झाकला नाही. दोन्ही रीतींना जागा ठेवली. वर सांगितलेल्या स्टोनच्या चळवळीतला एक गटही त्या सहांत होता. विरघळून जायची इच्छा तिथे थोडी तरी फळली, पण ती वाटाघाटींतून, आपण कोण हे सांगून.

मोहरी

हा शेवटचा भाग ठाऊक नव्हता. त्यावर विचार करतो. नाव लावायला अजूनही मन तयार नाही, पण नाव लावणाऱ्याला मी मनातल्या मनात कमी लेखत होतो ते सोडले पाहिजे.

तिसरा प्रहर

उशिरा आले. माझा प्रश्न वेगळा आहे. आई कॅथलिक, वडील बाप्टिस्ट. माझा स्नानसंस्कार बाळपणी आईच्या चर्चमध्ये झाला, तरुणपणी वडिलांच्या मंडळीत पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला, आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर मी अँग्लिकन उपासनेला जाते. स्तोत्रे पाठ आहेत ती वडिलांकडून, जपमाळ आईकडून. मी कोणाला काही सांगायला गेले तर कोणता पंथ सांगू? एक नाव घेतले की दुसऱ्या घराला नाकारल्यासारखे वाटते. आई अजून विचारते, "तू आमची राहिलीस का?"

ऑलिव्हची फांदी

तिसरा प्रहर, तुम्हाला एकच नाव निवडायला लावणारा नियम असेल तर तो नियम चुकीचा. सध्या ज्या चर्चमध्ये भाकर घेता ते सांगा, आणि वाढलात कुठे तेही सांगा. "अँग्लिकन चर्चमध्ये जाते, घर कॅथलिक आणि बाप्टिस्ट." एवढ्याने ऐकणाऱ्याला कळते की तुम्ही दोन्ही बाजूंच्या घरात जेवलेल्या आहात. खरे सांगायचे तर वर ज्या ताईंना ते उत्तर मिळाले, त्यांच्याशी बोलायला तुमच्यासारखीच व्यक्ती तिथे हवी होती.

पायवाट

आणि आईंच्या प्रश्नाबद्दल. तुमच्या बाप्टिस्ट बाप्तिस्म्याला आमचे चर्च काय म्हणेल हा शिकवणीचा प्रश्न झाला, तो धर्मगुरूंना विचारा. पण आईंना ते उत्तर नको असावे. पुढच्या वेळी त्या जपमाळ घेऊन बसल्या की जवळ जाऊन बसा.

तिसरा प्रहर

बसते. ती पाठ आहेच, विसरलेले नाही. आणि इथे पुढे काही लिहिले तर नावाखाली ऑलिव्हताईंनी सुचवलेली ओळ टाकेन, तिन्ही नावांसकट.